सार्थ फरक नाही

आधीच सांगून टाकतो, मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी पैसे चारले नव्हते, कुणी माझ्या मुलांचं नाव घेऊन डोळे वटारले नव्हते. तसं काही झालं असतं तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. मला फक्त बसायला खुर्ची दिली, चहा विचारला आणि ‘आमचे शास्त्रज्ञ’ म्हटलं. तेवढ्यावर मी विकला गेलो. इतक्या स्वस्तात भंगारसुद्धा जात नाही.

आमचा कारखाना चष्म्याच्या काचा करतो. काच घासायची एक खोली, चकाकी आणायची दुसरी, आणि शेवटी तपासणीची लांबलचक खोली. तिथे प्रत्येक काच दिव्यासमोर धरून ओरखडा, बुडबुडा, काय असेल ते शोधतात. मी गुणवत्ता विभागात. हजार काचांच्या खोक्यातून पन्नास उचलायच्या, मोजायच्या आणि त्या पन्नासांवरून हजारांबद्दल बोलायचं, हे माझं काम. संख्याशास्त्राची पदवी मी नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गात बसून घेतली. कारखान्यात मला तोंडावर आकडेशास्त्री म्हणतात आणि पाठीमागे आकडेमोड्या.

तपासणीच्या खोलीत माझी थोरली बहीण आहे. मला इथे चिकटवलं ते तिने, आणि संध्याकाळच्या वर्गाची फी भरली तीही तिनेच. एकोणतीस वर्षं ताई त्या दिव्यासमोर बसते आहे. हल्ली दुपारनंतर तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. सात महिन्यांनी ती निवृत्त होणार. दाजींची पाठ गेल्यापासून ते घरीच असतात, म्हणजे पुढे दोघांना तिच्याच पेन्शनवर दिवस काढायचे आहेत. आणि आमच्याकडे पेन्शन शेवटच्या हुद्द्यावर ठरते. जो हुद्दा असेल तो, मरेपर्यंत.

यंदा तपासणीतल्या एकतीस बायकांनी अर्ज दिला. चारच ओळी होत्या. आम्ही जे काम करतो तेच आमच्या शेजारी बसलेले पुरुष करतात, आम्हाला त्यांच्यापेक्षा कमी मिळतं, असं का, एवढंच विचारलं होतं. अक्षर ताईचं होतं. ते मी कुठेही ओळखतो.

साहेबांनी मला वर बोलावलं. एरवी त्यांच्या खोलीत आम्ही उभ्याने बोलतो. त्या दिवशी त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

“या, आमचे शास्त्रज्ञ,” ते म्हणाले. “हे बघा, मला भांडण नको आणि रडारड नको. आकडे काय म्हणतात ते म्हणू देत. तुमच्याकडे ते तंत्र आहे ना, कसोट्या-बिसोट्या?”

“आहे साहेब.”

“मग लावा. सगळ्या कारखान्याला लावा. मी मध्ये पडणार नाही. फक्त हुद्दा धरून बघा. नाहीतर शिपायाची तुलना मॅनेजरशी कराल, आणि लोक आपल्याला हसतील.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“आणि तुमची बहीणच त्यांच्यात पुढे आहे म्हणतात. तेही बरंच झालं. तुमच्यावर त्या विश्वास ठेवतील.” मग चहाचा पेला माझ्याकडे सरकवत ते अगदी सहज म्हणाले, “नवा माहिती विभाग काढायचा विचार आहे. त्याला कुणीतरी प्रमुख लागेल. त्याचं आपण मागाहून बोलू.”

मी जिना उतरलो तो दोन-दोन पायऱ्या टाकत. वय वर्षं त्रेचाळीस.

कारखान्यात दोनशे चौदा माणसं. पगाराची यादी मला मिळाली. मी आधी हुद्दा न धरता साधी कसोटी लावली. बायकांचा सरासरी पगार पुरुषांपेक्षा शंभरात सतराने कमी निघाला. ही कसोटी एकच गोष्ट विचारते. मुळात फरक नसताच, तर नुसत्या योगायोगाने एवढी तफावत किती वेळा दिसली असती? उत्तर आलं, हजारात एकदासुद्धा नाही.

मग साहेबांच्या सांगण्याप्रमाणे मी हुद्दा धरला, जोडीला सेवेची वर्षंही. म्हणजे कारकुनाची तुलना कारकुनाशी, गोदामवाल्याची गोदामवालीशी. एक बटण दाबलं आणि सतराचा एक झाला. एवढासा फरक योगायोगानेही शंभरात एक्केचाळीस वेळा दिसला असता. शंभरात पाचाच्या आत आलं तर फरक ‘सार्थ’ म्हणायचा, बाहेर गेलं तर नाही, अशी आमच्या शास्त्रातली वहिवाट आहे. अहवालाचं शेवटचं वाक्य मी तेव्हाच मनात लिहून टाकलं. पगारात सार्थ फरक नाही.

आता खरी गोष्ट. तपासणीच्या खोलीत एकतीस बायका आहेत आणि नऊ पुरुष. नऊच्या नऊ पुरुषांचा हुद्दा ‘तपासनीस’. एकतीसच्या एकतीस बायकांचा हुद्दा ‘सहायक तपासनीस’. एकही बाई तपासनीस नाही आणि एकही पुरुष सहायक नाही. मग हुद्दा धरल्यावर त्या खोलीत कुणाची कुणाशी तुलना होणार? कुणाचीच नाही. माझी कसोटी त्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि आत न डोकावता पुढे निघून गेली. तो जो एक टक्का उरला होता, तो ऑफिसातला, गोदामातला, पॅकिंगमधला. एकतीस जणींनी जे विचारलं होतं, ते मी कसोटीला विचारलंच नव्हतं.

हा ‘सहायक’ शब्द कुठून आला ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. कारखाना सुरू झाला तेव्हा बायका काचांचे ट्रे उचलून द्यायच्या आणि पुरुष तपासायचे. पुढे यंत्रं आली, बरेचसे पुरुष तिकडे गेले, आणि त्यांच्या खुर्च्यांवर बायका बसल्या. काम बदललं, शब्द तसाच राहिला. खोलीत त्यावरून नेहमी थट्टा चालते. “कुणाला साहाय्य करतो गं आपण?” कुणीतरी विचारतं. “दिव्याला!” सगळ्या एका सुरात म्हणतात.

मला हे ऐकीव नाही. मी स्वतः सहा महिने त्या खोलीत होतो. एकविसाव्या वर्षी नोकरीला लागलो तेव्हा मला पहिल्यांदा तिथेच बसवलं, ताईच्या शेजारी. काचेकडे बघायचं नाही, काचेतून दिव्याच्या कडेकडे बघायचं, कड जिथे वाकते तिथे खोट असते, हे तिने मला शिकवलं. पहिले पंधरा दिवस मी पास केलेली प्रत्येक काच ती पुन्हा बघायची, न बोलता, म्हणजे माझी फजिती कुणाला दिसू नये. आणि माझ्या ओळखपत्रावर पहिल्याच दिवशी छापून आलं होतं, ‘तपासनीस’. तिच्या ओळखपत्रावर सात वर्षांनंतरही ‘सहायक’. माझं ओळखपत्र तिने घरी नेऊन आईला दाखवलं. “बघ, आला तोच तपासनीस!” म्हणाली, आणि खूश होऊन हसली. मीही हसलो.

तेव्हा यादीतल्या त्या दोन शब्दांमागे काय आहे, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कसोटी लावली त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी, सगळं लख्ख समजलं होतं. डबा उघडला आणि तसाच बंद केला.

आणि मग मी स्वतःची समजूत घालायला बसलो. काय काय म्हणालो ते लिहितो, कारण ते आठवलं की अजून कान तापतात. म्हणालो, साहेबांनी सांगितलेल्या रीतीनेच तर केलंय. म्हणालो, हुद्दे मी ठरवले नाहीत. म्हणालो, प्रश्न सगळ्या कारखान्याचा होता, एका खोलीचा नव्हता. म्हणालो, ताईचं मी बघेन, विभागप्रमुखाचा पगार आला की दर महिन्याला काहीतरी देत जाईन. म्हणजे तिच्या हक्काचं काढून घ्यायचं आणि उपकार म्हणून परत करायचं. आणि हे ज्याला सुचलं तो स्वतःला चांगला भाऊ समजत होता!

वर आणखी एक चलाखी केली. सहाव्या पानाच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक टीप टाकली. ‘ज्या हुद्द्यांवर केवळ स्त्रिया अथवा केवळ पुरुष कार्यरत आहेत, असे हुद्दे तुलनेस उपलब्ध नाहीत.’ टीप टाकल्यावर मला हलकं वाटलं. उद्या कुणी विचारलंच तर बोट दाखवता येईल. खोटं बोलणारा माणूस निदान धीट तरी असतो. मी तेवढाही नव्हतो.

शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांना जमवलं. साहेब, मी आणि पडदा एकीकडे, माणसं दुसरीकडे. तपासणीच्या बायका पुढच्या बाकांवर बसल्या होत्या. ताई मधोमध, डोळ्यांना रुमाल लावून. मी आलेख दाखवले, निळे आणि लाल ठिपके दाखवले, घसा खाकरून शेवटचं वाक्य वाचलं. “हुद्दा आणि सेवेची वर्षं विचारात घेता, स्त्री-पुरुषांच्या पगारात सार्थ फरक नाही.”

पुढच्या बाकावरून हात वर झाला. तिला सगळे लवंगी म्हणतात. चोवीस-पंचवीसची असेल. जीभ अशी की मुकादमसुद्धा तिच्या वाटेला जात नाही.

“सार्थ नाही म्हणजे? निरर्थक आहे होय आमचा फरक?”

हशा पिकला. साहेबही हसले. मला बरं वाटलं, हशात वेळ जातो.

“तसं नाही,” मी म्हणालो. “सार्थ हा शास्त्रातला शब्द आहे. जो फरक दिसतो तो योगायोगानेही दिसू शकतो, एवढाच त्याचा अर्थ.”

“बरं. पण आम्ही एकतीस जणी आहोत ना ह्याच्यात? आमच्या शेजारचे ते नऊ आणि आम्ही, असं मोजलंय ना?”

सरळ प्रश्न होता. ‘नाही’ एवढंच त्याचं उत्तर होतं. मी पडद्याकडे बघितलं, कागद उगाच सरळ केले आणि म्हणालो, “ह्यात कारखान्यातले सगळेच्या सगळे दोनशे चौदा कर्मचारी आहेत.”

शब्दन्‌शब्द खरा. यादीत त्या होत्याच.

लवंगीचा हात खाली गेला नव्हता. ती आणखी काही विचारणार तेवढ्यात ताई उठली. डोळ्यांवरचा रुमाल काढून तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ती मागे वळून बायकांशी बोलली.

“पुरे गं आता. आमच्या बाळ्याने मोजलंय. लहानपणापासून बघतेय मी त्याला, लबाडी त्याला जमायची नाही. आपलाच काहीतरी गैरसमज झाला असेल.” मग साहेबांना म्हणाली, “साहेब, अर्ज आम्ही मागे घेतो. उगाच त्रास दिला. माफ करा.”

माझी बहीण माझ्यासमोर साहेबांची माफी मागत होती, आणि मी आलेख दाखवायची पट्टी हातात धरून उभा होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते का म्हणतात ते मला तेव्हा कळलं. धरणी काही दुभंगली नाही. साहेबांनी पाठीवर थाप मारली. बाहेर पडताना तपासणीतली एक वयस्कर बाई माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, “काही कळलं नाही हो, पण बोलता छान.”

शनिवारी माझं सामान नव्या खोलीत हलवलं. खोलीला दार होतं, दाराला आतून कडी होती. मी कडी लावली आणि दिवसभर काहीही केलं नाही. कुणी टकटक केली तरी उघडलं नाही. घरी बायकोने विचारलं, “बढती मिळाली ना? मग तोंड का असं?” मी तिच्यावर खेकसलो. तिचा काय दोष होता त्यात!

रविवारी ताईकडे गेलो. दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर. दाजी आतल्या खोलीत आडवे होते, रेडिओ चालू होता. ताई खिडकीपाशी दाजींच्या सदऱ्याला बटण लावत होती. सुईत दोरा ओवता येईना म्हणून तिने सुई माझ्या हातात दिली. मी ओवून दिली. वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

“ताई, त्या अहवालात…” मी सुरुवात केली.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“आम्ही त्यात नाही आहोत ते.”

तिने बटणाला दोन टाके घातले.

“लवंगीने विचारलं खोलीचं, आणि तू सगळा कारखाना सांगितलास. ज्याला हो म्हणायचं असतं तो एवढा लांबून वळसा घालून येत नाही. तिथेच कळलं मला. मग सभेत वाटलेला कागद घरी येऊन सगळा वाचला, सहाव्या पानाच्या तळापर्यंत.”

“मग तू उठून तसं का बोललीस?”

“ती पुढचं विचारणार होती. तू उघडा पडला असतास, तीही चांगली पोरगी, सोडलं नसतं तिने तुला. सगळ्या कारखान्यासमोर. मला बघवलं नसतं रे.” तिने दोरा दाताने तोडला. “म्हणून मध्ये पडले. तेवढ्यापुरती तुझी बहीण झाले, आणि त्या तीस जणींची कुणीच राहिले नाही. पंधरा वर्षं, वीस वर्षं एका टेबलावर जेवलोय आम्ही. मी सांगितलं आणि त्यांनी एका शब्दाने अर्ज सोडला. दोन दिवस मला स्वतःची किळस येतेय बाळ्या.”

मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं, पाय धरले असते, रडलोही असतो बहुतेक, आणि मग मोकळा होऊन घरी गेलो असतो. ती रागावली नाही. माझी घाण तिने उचलून स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि आता आम्ही दोघं एकाच बाकावरचे गुन्हेगार झालो होतो. माझी मान वर होईना.

“मी उद्या साहेबांना भेटतो,” मी म्हणालो. “म्हणतो, हिशोबात एक बारीक चूक राहिली होती. नवा कागद देतो. तुला काही बोलावं लागणार नाही. गुपचूप होऊन जाईल.”

“गुपचूप नको. गुपचूपच तर बिघडलंय सगळं. जे सांगायचं ते खोलीत येऊन सांग. आणि माझ्या पेन्शनसाठी म्हणून सांगणार असशील तर येऊच नकोस. मी अर्धी भाकरी खाईन.”

आतून दाजींनी विचारलं, “कोण आलंय गं?”

“बाळ्या आलाय,” ती म्हणाली. “निघालाच आहे.”

त्या दिवशी घरी जाऊन मी फक्त त्या खोलीची कसोटी लावली. चाळीस माणसं, एकच काम, सेवेची वर्षं धरलेली. बायकांची सरासरी सेवा सोळा वर्षं, पुरुषांची सहा, तरी पगार बायकांचा पाचव्या हिश्शाने कमी. योगायोगाला जागाच नव्हती. करायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांचं काम मी तीन आठवडे टाळलं होतं. छापून सही केली, सहीखाली पूर्ण नाव घातलं.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी खोलीत गेलो. दिवे अजून लागले नव्हते. बायका पांढरे कोट चढवत होत्या, नऊपैकी सहा-सात पुरुष टेबलाच्या टोकाला होते. मी दारातच उभा राहून म्हणालो, “दोन मिनिटं ऐका.”

मग सांगितलं. काही लपवलं नाही. शुक्रवारच्या कागदात तुमची तुलना झालीच नव्हती. मला ते माहीत होतं, सहाव्या पानाच्या बारीक टिपेत मी ते दडवलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी गोलमाल उत्तर दिलं. हा खरा कागद, हे त्याच्यावर माझं नाव. एक प्रत मी आता साहेबांना देणार आहे, आणि ते काय म्हणतील ते म्हणोत. शेवटी शेवटी मला थोडं बरंही वाटायला लागलं, खोटं कशाला सांगू. आपण काहीतरी शूरपणा करतोय असं वाटलं. माझा स्वभावच तसा आहे, शरमेतसुद्धा कुठे टाळी मिळते का बघतो.

टाळी कुणी वाजवली नाही. लवंगी पुढे आली, कागद घेतला, सावकाश वाचला, पुन्हा वाचला. तळाला किंवा मागे कुठे टीप आहे का बघायला कागद उलटा केला. मग तिने विचारलं, “शुक्रवारी ताई उठून बोलल्या. त्यांना हे तेव्हा माहीत होतं?”

मी ताईकडे बघितलं नाही. बघायची गरजच वाटली नाही. एवढी वर्षं तिने माझ्यासाठी केलं, आता एक शब्द तिच्यासाठी टाकावा, इतकं मला सोपं वाटलं.

“नाही,” मी म्हणालो. “ताईला काहीच माहीत नव्हतं. तीही फसली.”

“बाळ्या, गप्प बस,” ताई म्हणाली. ती कोटाची बटणं लावत होती, ती तशीच सोडून उभी राहिली. “मला माहीत होतं. कागद वाचला नव्हता, पण त्याच्या बोलण्यावरून कळलं होतं. कळूनही मी तुम्हाला गप्प बसवलं. भाऊ आहे म्हणून.”

ती वयस्कर बाई, जिला माझं बोलणं छान वाटलं होतं, ती खाली बसली. टेबलाच्या टोकाला पुरुष आपापल्या पायांकडे बघत होते.

लवंगीने कागद माझ्यासमोर धरला. ती ओरडली नाही, तिच्या तोंडी नेहमीचा तिखटपणाही नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं तिने विचारलं, “आता ह्या मिनिटाला तुम्ही खोटं बोललात. मग हे तरी खरं कशावरून?”

कागद खरा होता. त्यातला एक-एक आकडा खरा होता. पण हे सांगायचं कुणी? ज्या तोंडाने सांगायचं ते तोंड मी दोनदा विटाळून बसलो होतो, एकदा स्वतःसाठी आणि एकदा ताईसाठी, आणि दुसऱ्यांदा तर मला ते चांगलं काम वाटलं होतं.

“त्याच्यावर नका विसंबू,” ताई म्हणाली. “माझ्यावरही नको. आपापल्या पगाराच्या चिठ्ठ्या आणा, आपण इथे टेबलावर मांडू आणि बघू. बेरीज-भागाकार तर येतो ना सगळ्यांना?”

“पुरुषांच्या कुठून आणायच्या?” कुणीतरी विचारलं.

“मागू. नाही दिल्या तर नाही दिल्या.”

“मी मदत करतो,” मी म्हणालो. “सगळे आकडे आहेत माझ्याकडे.”

“तुम्ही जा,” लवंगी म्हणाली. “पाळी सुरू व्हायची वेळ झाली.”

त्या सगळ्या वळल्या. एक-एक दिवा लागत गेला. ताई आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. तिच्या डाव्या-उजव्या हाताच्या बायका आपल्या जागी बसल्या, पण तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि तीही कुणाशी बोलली नाही. तिने पहिली काच उचलून दिव्यासमोर धरली. मी दारात उभा होतो. ती एकदा तरी माझ्याकडे बघेल, मान हलवेल, जा आता असं डोळ्यांनी सांगेल, म्हणून मी थांबलो होतो. बराच वेळ थांबलो. मग माझ्या लक्षात आलं की एवढं सगळं झाल्यावरही मी तिच्याचकडून सुटका मागत होतो. मी दार लोटून घेतलं आणि साहेबांच्या खोलीकडे निघालो.